उत्तर आणि रीत
तत्त्वज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांस

'तत्त्वज्ञान' हा शब्द आपल्या घरांत रोज उच्चारला जातो. परंतु तो ज्या अर्थानें उच्चारला जातो, तो ऐकून या विषयाच्या अभ्यासकानें खिन्नच व्हावें. उसने दिलेले पैसे मागावयास गेलेल्या माणसास ऋणको जेव्हां संसाराची क्षणभंगुरता समजावून देऊं लागतो, तेव्हां तो मनुष्य म्हणतो, "तत्त्वज्ञान पुरे, पैसे काढ." परीक्षेंत नापास झालेल्या पुतण्याची समजूत घालतांना काका जें बोलतात तें तत्त्वज्ञान, आणि सेवानिवृत्त गृहस्थ संध्याकाळीं बागेंतील बांकावर बसून जें बोलतो तेंहि तत्त्वज्ञान. दुसरा इलाज उरला नाहीं म्हणजे लावावयाचा लेप, असाच या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ झाला आहे. मग ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कॉलेजांतून येऊन 'मीं तत्त्वज्ञान हा विषय घेतला' असें सांगते, त्या घरांत क्षणभर शांतता पसरावी आणि नंतर कोणी तरी "त्याचें पुढें काय होतें?" असें विचारावें, यांत नवल तें काय?

पुढें काय होतें, हें सांगण्यास माझ्याहून योग्य अशीं माणसें आहेत. मी शाळामास्तर. शिकण्यासाठीं कॉलेजची पायरी चढलों नाहीं. मॅट्रिक झालों आणि शाळेंत लागलों. उभ्या आयुष्यांत मुलांच्या अंकगणिताच्या वह्या तपासल्या. त्या वह्यांतच मला तत्त्वज्ञान प्रथम भेटलें असें म्हटलें तर विद्यार्थिमित्रांस हसूं येईल; म्हणून तें कसें, हें आधीं सांगतों.

एका मुलाच्या वहींत उत्तर बरोबर असतें. परंतु तें कसें आलें याचा मागमूस कागदावर नसतो. शेजारच्या मुलानें सर्व पायऱ्या नीट मांडलेल्या असतात, पण शेवटच्या बेरजेंत हातचा धरावयाचा राहिल्यामुळें त्याचें उत्तर दहा रुपयांनीं चुकलेलें असतें. कोणास अधिक गुण द्यावे? शिक्षक दुसऱ्यास अधिक देतो, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्याचे वडील शाळेंत येऊन विचारतात, "उत्तर तर बरोबर आहे ना? मग गुण कां कापले?" वडिलांचा प्रश्न दिसतो तितका वेडगळ नाहीं. बाजारांत, बँकेंत, रेल्वेच्या खिडकीपाशीं आपणांस उत्तरच हवें असतें; रीत विचारीत कोण बसतो? मग 'रीत दाखवा' हा शिक्षकाचा हट्ट कशासाठीं? खरें उत्तर जवळ असणें आणि तें उत्तर माहीत असणें यांत कांहीं फरक आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोणता?

हाच प्रश्न बाराव्या शतकांत श्रीहर्षानें विचारला. 'नैषधीयचरित' लिहिणारा महाकवि तोच हा. त्याच्या 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथांत एक उदाहरण आहे. एकानें मुठींत कवड्या घेतल्या आणि विचारलें, किती? दुसरा सहज बोलून गेला, पांच. मूठ उघडली, तों कवड्या खरोखरच पांच. आतां, मूठ उघडण्यापूर्वीं त्या माणसास कवड्यांची संख्या माहीत होती काय? त्याचें बोलणें खरें होतें. त्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता असेंहि क्षणभर धरून चाला. तरी 'त्याला ठाऊक होतें' असें म्हणावयास आपली जीभ रेटत नाहीं. रीत दाखविल्यावांचून बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाची ही आठशें वर्षांपूर्वींची वही होय.

येथें कोणी चलाख विद्यार्थी म्हणेल, सोपें आहे. खरें उत्तर अधिक रीत म्हणजे ज्ञान. परंतु श्रीहर्षाच्याहि पूर्वीं सुमारें चार शतकें धर्मोत्तर नांवाच्या बौद्ध पंडितानें या सोप्या उत्तराची वाट अडवून ठेविली आहे. मांस भाजण्यासाठीं कोणीं तरी नुकताच विस्तव पेटविला आहे; धूर अद्याप निघालेला नाहीं; परंतु वासानें आलेल्या किड्यांचा थवा त्यावर घोंगावत आहे. लांबून पाहणारास तो थवा धुरासारखा भासतो, आणि तो म्हणतो, 'तेथें विस्तव आहे.' विस्तव खरोखरच आहे! या गृहस्थाजवळ उत्तर आहे, रीतहि आहे. इतकेंच नव्हे, तर ती रीत आपण सर्वजण वापरतों तीच आहे. तरी त्यास विस्तवाचें ज्ञान झालें असें म्हणावें काय? १९६३ सालीं अमेरिकेंत एडमंड गेटियर या अध्यापकानें अवघ्या तीन पानांचा एक निबंध छापून याच जातीचीं उदाहरणें दिलीं, आणि सकारण मानलेलें खरें मत म्हणजे ज्ञान, या व्याख्येस सुरुंग लावला. त्या तीन पानांवर पाश्चात्य विद्यापीठांत जें लिहिलें गेलें आहे, तें ठेवावयास कपाटें पुरणार नाहींत. आपल्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांस गेटियर ठाऊक असतो. धर्मोत्तराचे किडे मात्र पुष्कळांच्या दृष्टीस पडलेले नसतात, याचें मला वाईट वाटतें.

या रीतीस आपल्या शास्त्रकारांनीं 'प्रमाण' हें नांव दिलें. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रारंभींच सोळा विषयांची यादी आहे. तींत पहिलें नांव ईश्वराचें नाहीं, आत्म्याचेंहि नाहीं. तें प्रमाणाचें आहे. आणि तिसरें नांव आहे संशयाचें! ज्यांस असें वाटतें कीं आमच्याकडे प्रथम श्रद्धा आणि मग विचार, त्यांनीं ही यादी एकवार उघडून पाहावी. प्रमाणें किती याविषयीं मात्र दर्शनकारांत एकमत नाहीं. चार्वाक एक प्रत्यक्षच मानतो. बौद्ध आणि वैशेषिक त्यांत अनुमान मिळवितात. सांख्य शब्दप्रमाण धरून तीन करतात. नैयायिक उपमान घालून चार. आणि भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदांती सहांपर्यंत जातात. कॉलेजांत ही यादी पाठ करण्याचा प्रघात आहे, आणि येथेंच विद्यार्थी कंटाळतो. वस्तुतः ही यादी नव्हे, हें भांडण आहे. आणि भांडण एकदां समजलें म्हणजे यादी पाठ करावी लागत नाहीं.

त्या भांडणांतील सर्वांत रंगतदार कज्जा अनुमानाचा. डोंगरावर धूर दिसला. स्वयंपाकघरांत धूर असतो तेथें विस्तव असतो हें आपण पाहिलें आहे. म्हणून डोंगरावर विस्तव आहे. नैयायिक येथें बजावून सांगतो कीं, हें उलट चालत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत विस्तव आहे, धूर नाहीं. म्हणून 'विस्तव आहे, अर्थात् धूर असलाच पाहिजे' असें म्हणतां येणार नाहीं. येथवर सर्व ठीक. इतक्यांत चार्वाक उठून विचारतो: जेथें जेथें धूर तेथें तेथें विस्तव, हा नियम तुला कोठून मिळाला? तूं पाहिलींस तीं फार तर पांचपन्नास स्वयंपाकघरें. मागील, पुढील आणि दूर देशींचे सारे धूर तूं पाहिलेस काय? नाहींस. म्हणजे हा नियम तुला प्रत्यक्षानें मिळाला नाहीं. अनुमानानें मिळाला म्हणशील, तर त्या अनुमानास आणखी एक नियम लागेल, आणि त्या नियमाचीहि हीच अवस्था. कोणा शहाण्याच्या सांगण्यावरून मिळाला म्हणशील, तर तो शहाणा खरें बोलतो हें तरी तूं अनुमानानेंच ठरविलेंस ना?

श्रोतेहो, या आक्षेपाला उत्तर देणें किती अवघड आहे, हें पाहावयाचें असेल तर घरांतील एकाद्या हुशार मुलीस चार्वाकाची भूमिका द्यावी आणि आपण नैयायिक व्हावें. पाव तासांत आपण चिडाल. स्कॉटलंडांतील डेव्हिड ह्यूम यानें १७३९ सालीं हाच आक्षेप आपल्या भाषेंत मांडला. उद्यांचा दिवस आजच्यासारखा उजाडेल, हें आपण कशावरून मानतों? आजवर तसें होत आलें म्हणून. पण आजवर जें झालें तें पुढेंहि होईल, हेंच तर सिद्ध करावयाचें होतें! बर्ट्रंड रसेल यानें १९१२ सालीं लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकांत याला कोंबडीचें उदाहरण दिलें आहे. ज्या हातानें रोज सकाळीं दाणे टाकले, त्याच हातानें एके दिवशीं कोंबडीची मान मुरगळली. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या कोंबडीजवळ जेवढा पुरावा होता, तेवढाच पुष्कळ बाबतींत आपल्याजवळ असतो.

नैयायिकांनीं यावर जें उत्तर दिलें तें मोठें व्यवहारी आहे. ते म्हणतात, संशय खुशाल घे. पण तुझें वागणें त्या संशयाला खोटें पाडूं लागलें म्हणजे थांब. धूर हवा असला कीं तूं विस्तवच पेटवितोस. भूक लागली कीं अन्नाकडेच हात नेतोस. मग तुझा संशय जिभेवरचा आहे, मनांतला नव्हे. गंमत अशी कीं, ह्यूमनें स्वतःच कबूल केलें आहे कीं, जेवून, मित्रांबरोबर फांशांचा खेळ खेळून परत खोलींत आलें म्हणजे आपलेच संशय आपणांस थंड आणि ओढूनताणून आणलेले वाटतात. माझें मत विचाराल, तर नैयायिकाचें उत्तर संसार चालविण्यास पुरेसें आहे. परंतु चार्वाकानें विचारलें होतें तें निराळें. 'मी जेवूं कीं नको' असें तो विचारीत नव्हता. तो रीत मागत होता. आणि 'तूंहि हेंच उत्तर वापरतोस ना?' असें म्हटल्यानें रीत दाखविल्यासारखें होत नाहीं. पहिल्या मुलाचे वडील तेंच म्हणत होते.

या चार्वाकाचें म्हणणें आपणांस आज कोठें वाचावयास मिळतें, हेंहि सांगण्यासारखें आहे. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' प्रसिद्ध आहे. ग्रंथकार वेदांती, चार्वाकाशीं त्यांचें हाडवैर. परंतु ग्रंथाचें पहिलेंच प्रकरण चार्वाकाचें आहे, आणि तें अशा जोमानें लिहिलें आहे कीं, क्षणभर वाचकास वाटावें, लेखक फितला कीं काय! प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्यानें स्वतः मांडलें असतें त्याहून दुबळें करून मांडावयाचें नाहीं, या शिस्तीस पूर्वपक्ष म्हणतात. दुसरें उदाहरण अलीकडचें. जयराशि भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ चार्वाकाच्याहि पुढें जाऊन प्रत्यक्षासकट सर्व प्रमाणांवर हल्ला चढवितो. शतकानुशतकें तो नाहींसा झाला होता. १९२६ सालीं गुजरातेंतील पाटण येथें त्याची ताडपत्रावरील एकुलती एक प्रत हातीं आली, आणि १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत ती छापून निघाली. तिचे संपादक पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख. सुखलालजी जैन पंडित. लहान वयांतच देवीच्या आजारानें त्यांची दृष्टि गेलेली. ज्या ग्रंथांत जैनमतासकट सर्व मतांची रेवडी उडविलेली आहे, तो ग्रंथ अक्षर अक्षर ऐकून शुद्ध करून जगापुढें ठेवावा, ही वृत्ति मला कोणत्याहि सिद्धांताहून मोठी वाटते.

आतां याच्या उलट वृत्तीचे दोन नमुने आपल्या परिचयाचे आहेत. एक विद्यार्थी प्रत्येक वादाच्या शेवटीं खांदे उडवून म्हणतो, "शेवटीं ज्याचें त्याचें मत." दुसरा म्हणतो, "हें सर्व आमच्या ऋषींनीं आधींच सांगून ठेविलें आहे." पहिला स्वतःस उदार समजतो, दुसरा स्वतःस निष्ठावंत समजतो, प्रत्यक्षांत दोघेहि वही बंद करून खेळावयास गेलेले असतात. ज्याचें त्याचें मत असतें हें कोण नाकारतो? परंतु पांच कवड्यांविषयीं तुझें मत सात असेल, तर तें मत तुझें असण्यानें कवडी वाढत नाहीं. आणि ऋषींनीं सांगून ठेविलें आहे हें खरें मानलें, तरी त्यांनीं एकमेकांविरुद्ध सांगितलें आहे; तेव्हां निवड करण्याचें काम पुन्हां आपल्याच गळ्यांत येतें. खिशांतील फोनवर दिवसांतून वीस वेळां येणाऱ्या निरोपांविषयीं तर बोलूंच नये. तेथें उत्तरें ढिगानें येतात. रीत एकाहि निरोपासोबत येत नाहीं.

कोणता प्रश्न तत्त्वज्ञानाचा आणि कोणता इतर शास्त्रांचा, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. मी एक ढोबळ कसोटी सांगतों. माहिती मिळतांच जो प्रश्न मिटतो, तो शास्त्रज्ञाचा, इतिहासकाराचा, नाहीं तर पोलिसांचा. सर्व माहिती हातीं आली, कोणतीहि गोष्ट दडलेली राहिली नाहीं, आणि तरी प्रश्न जागचा हलला नाहीं, म्हणजे तो तत्त्वज्ञानाच्या दारीं आला असें समजावें.

या कसोटीस उतरणारी एक जुनी फिर्याद आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत पंजाब-गांधार भागांत मिनांदर नांवाचा ग्रीक राजा होऊन गेला. पाली ग्रंथांतील मिलिंद तो हाच. नागसेन भिक्षूशीं झालेला त्याचा संवाद 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथांत आहे. एका माणसानें दुसऱ्याचे आंबे चोरले. मालकानें त्याला राजापुढें उभें केलें. चोर म्हणतो, "महाराज, यानें लावले ते आंबे निराळे, मीं नेले ते निराळे. यानें जमिनींत कोय पुरली होती. मीं झाडावरचीं फळें नेलीं. मी याचा अपराधी नाहीं." येथें कोणतीच गोष्ट वादग्रस्त नाहीं. कोय कोणीं पुरली, फळें कोणीं नेलीं, सर्व कबूल आहे. तरी चोराला शिक्षा करावयाची तर कशाच्या आधारानें? राजा म्हणतो, नंतरचे आंबे पूर्वींच्या आंब्यापासूनच झाले, म्हणून चोर अपराधी. नागसेनाला हेंच वदवून घ्यावयाचें होतें. कारण चर्चा आंब्यांची नव्हतीच. पूर्वजन्मींचा मनुष्य आणि या जन्मींचा मनुष्य एकच नसेल, तर एकाचें कर्म दुसऱ्यानें कां भोगावें, असा राजाचा प्रश्न होता. नागसेनाचें म्हणणें असें कीं, 'तोच' असण्याची जरुरी नाहीं. 'त्यापासून झालेला' असला म्हणजे जबाबदारी चिकटते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच आहे काय? तीच नाहीं; अगदीं वेगळीहि नाहीं.

पुनर्जन्म बाजूस ठेवला तरी हा प्रश्न उरतोच, कारण लहानपणचा मी आणि आजचा मी यांच्यांतहि तोच पल्ला आहे. नैयायिकांस नागसेनाचें उत्तर पटत नाहीं. ते म्हणतात, मीं जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच मी आतां हातानें चाचपतों. डोळा आणि हात निराळे, पण 'मी' एकच असल्यावांचून 'तेंच' हा शब्द निघणार कसा? त्यांचें दुसरें उदाहरण तर प्रत्येक घरांतलें आहे. आंबट फळ दिसतांच तोंडाला पाणी सुटतें. पाहिलें डोळ्यानें, पाणी जिभेला कां? पूर्वीं चाखलेली चव आणि आतां दिसलेलें रूप यांची गांठ घालणारा कोणी तरी आंत आहे. बौद्ध यावर म्हणतील, गांठ आहे हें कबूल. गांठ घालणारा कशाला हवा? या ठिकाणीं मी बाजूनें मत देत नाहीं. दोन्हीं बाजूंचा पुढचा डाव विद्यार्थ्यांनीं स्वतः खेळून पाहावा.

परंतु हा प्रश्न केवळ डावाचा नाहीं. आज पुष्कळ घरांत असे वृद्ध आहेत कीं, ज्यांची स्मृति हळूहळू पुसली गेली आहे. मुलगा समोर उभा राहिला तर ते विचारतात, "आपण कोण?" चाळीस वर्षें ज्या घरांत राहिले त्या घराची वाट त्यांस सांपडत नाहीं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९४ सालीं आपल्या मुख्य ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत एक प्रकरण नवें घातलें, आणि त्यांत असें प्रतिपादन केलें कीं, पूर्वींच्या कृतीपर्यंत माणसाची जाणीव मागें पोंचते तेथपर्यंतच तो मनुष्य 'तोच' असतो. या मतानें पाहिलें तर आरामखुर्चींत बसलेले हे वृद्ध गृहस्थ, आणि ज्यांनीं दोन नोकऱ्या करून मुलांस शिकविलें ते वडील, यांस एकच व्यक्ति म्हणतां येईल काय? रोज त्यांस भरविणारी सून या प्रश्नाचें उत्तर हातानें देऊन मोकळी झालेली असते. तिचें उत्तर बरोबर आहे असें मी मानतों. पण तिच्या उत्तराची रीत कोणती? व्यक्ति म्हणजे स्मृति नव्हे तर शरीर, असें ती म्हणते काय? कीं व्यक्ति ही एकट्या माणसाच्या आंत नसून आजूबाजूच्यांच्या नात्यांत वसते, असें? कीं आजोबा ते 'तेच' असोत वा नसोत, त्यांचें ऋण फेडणें ज्यांवर आहे ते आपण तेच आहों, असें? या तीन निरनिराळ्या रीती आहेत आणि त्या निरनिराळ्या ठिकाणीं नेतात. लॉकला खोडून काढणें सोपें वाटत असेल, तर या तिहींपैकीं एक निवडून ती शेवटास नेऊन पाहावी.

ईश्वर आहे काय, जग सत्य कीं मिथ्या, हे मोठे प्रश्न मीं आज मुद्दाम टाळले आहेत. ते लहान आहेत म्हणून नव्हे. पण नवा विद्यार्थी प्रथम त्यांवरच झडप घालतो, आणि पंधरा दिवसांत घरांतील सर्वांशीं भांडून बसतो. ज्याला कवड्यांचा उलगडा करतां आला नाहीं, त्यानें ब्रह्मांडाचा करूं नये.

एक क्षेत्र मात्र टाळतां येत नाहीं, तें म्हणजे काय करावें आणि काय करूं नये याचें. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेलें आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें 'गीतारहस्य' पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर असतें. त्यांतील 'कर्मजिज्ञासा' हें प्रकरण नीतिशास्त्रांत शिरण्यास उत्तम दार आहे, कारण तेथें सिद्धांत मागाहून येतात, पेंच आधीं. महाभारतांतील कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या ब्राह्मणाची कथा आहे. नेहमीं खरेंच बोलावयाचें, असें त्याचें व्रत. जीव वांचविण्यासाठीं पळालेलीं माणसें कोठें लपलीं, असें दरोडेखोरांनीं विचारतां त्यानें खरें तें सांगितलें. माणसें मारलीं गेलीं, आणि या सत्यवाद्यास नरकवास घडला. आतां जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट याचा १७९७ सालचा निबंध घ्या. मारेकरी दारांत उभा राहून 'तुझा मित्र घरांत आहे काय' असें विचारूं लागला, तरी त्याच्याशींहि खोटें बोलण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें कान्ट निक्षून सांगतो. महाभारतकार ज्याला नरकांत धाडतात, त्याला कान्ट निर्दोष सोडतो! दोघेहि अविचारी नव्हते. विद्यार्थ्यानें कान्टला हंसून पुढें जाऊं नये. सोईप्रमाणें खोटें बोलण्यास एकदां परवानगी दिली म्हणजे कोणाच्याच शब्दाला किंमत उरणार नाहीं, ही त्याची धास्ती खोटी नाहीं.

हा पेंच दरोडेखोरांची वाट पाहत बसत नाहीं. घरांतील वडील माणसास असाध्य रोग जडल्याचें डॉक्टर मुलास बाजूस घेऊन सांगतात. मुलगा घरीं येऊन इतरांस सांगतो, आणि सर्वजण मिळून ठरवितात कीं, "त्यांना कळूं द्यावयाचें नाहीं, ते हाय खातील." कॉलेजांत जाणारी नात म्हणते, हें बरोबर नाहीं. आई कौशिकाचा दाखला देईल: सत्यानें जीव जात असेल तर असत्यच धर्म्य. पण हा दाखला येथें जसाच्या तसा लागतो काय? मला शंका आहे. कौशिकानें ज्याला फसवावयाचें होतें तो दरोडेखोर होता; त्या सत्यावर त्याचा कांहीं हक्क नव्हता. येथें ज्याला फसवावयाचें आहे तोच त्या सत्याचा धनी. त्याला कोणाची क्षमा मागावयाची असेल, कोठें एकदां जाऊन यावयाचें असेल, कागदपत्र करावयाचे असतील. उलट आईच्या बाजूनेंहि एक गोष्ट बोलण्यासारखी आहे: सत्य सांगणें आणि सत्य एकाएकीं अंगावर फेंकणें या दोन गोष्टी आहेत, आणि माणूस स्वतः विचारीपर्यंत थांबणें हें खोटें बोलणें नव्हे. नातीनें यावर काय म्हणावें? आणि आजोबांनीं खरोखरच एके दिवशीं विचारलें, तर मग आईनें काय म्हणावें? हा वाद ज्या घरांत नीट चालेल, एकमेकांचें म्हणणें दुबळें न करितां चालेल, त्या घरांत 'याचें पुढें काय होतें' असें विचारणारास बोलावून बसवावें.

जातां जातां अभ्यासाविषयीं दोन शब्द. वर्गांतील पुस्तकें बहुधा इंग्रजी असतात आणि विद्यार्थी शब्दांशींच झुंजत राहतो. जो विचार आपल्या आजीला मराठींत सांगतां येत नाहीं, तो आपणांस समजला आहे कीं नाहीं याविषयीं संशय घ्यावा. पारिभाषिक शब्द अडले तर १९७४ सालीं प्रसिद्ध झालेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' मोठ्या ग्रंथालयांत तीन खंडांत मिळतो. त्यावरील धूळ झटकण्याचें श्रेय तरी पदरीं पडेल. महाराष्ट्रांत या विषयाला आश्रय नव्हता असेंहि नाहीं. खानदेशांतील अमळनेर येथें गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें, आणि तरुण अभ्यासकांच्या पोटापाण्याची सोय करून त्यांस विचार करावयास बसविलें. साने गुरुजी प्रथम अमळनेरास आले ते या मंदिरांत अभ्यासासाठीं. शाळेंत शिक्षक झाले ते मागाहून. आम्हां शाळामास्तरांस या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो.

आरंभ कोणत्या पुस्तकानें करावा, असें कोणी विचारील तर रसेलचें जें छोटें पुस्तक मघाशीं सांगितलें, त्याचें 'तत्त्वज्ञानाचे प्रश्न' अशा अर्थाचें नांव आहे. तें सामान्य वाचकांसाठींच लिहिलेलें आहे. पहिल्या प्रकरणांत लेखक आपल्या पुढ्यांतील मेजाकडे पाहत बसतो. मेज तपकिरी दिसतें. पण उजेड बदलला, बाजू बदलली कीं रंग बदलतो. मग खरा रंग कोणता? तें प्रकरण वाचतांना पुस्तक खऱ्याच मेजावर ठेवावें, आणि अधूनमधून मान वर करून मेजाकडे पाहावें. एका बैठकींत पांच पानांहून अधिक वाचूं नये.